सप्टेंबरचा पट आणि फेब्रुवारीची हजेरी

जिल्हा परिषदेच्या शाळांचा वर्षाचा अहवाल हातात आला की आपण आधी काय बघतो? पट वाढला की घटला. बातमीही त्याचीच होते. पट वाढला तर शिक्षण विभागाचं कौतुक, घटला तर ‘सरकारी शाळांना घरघर’. आज आपण हा एकच आकडा जरा उलगडून बघू. कारण गावात शिक्षक राहणार की जाणार, आणि कधी कधी तर शाळाच राहणार की नाही, हे त्यावर ठरतं.

थोडी पार्श्वभूमी. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातलं प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. पण पैसा आणि पदं शासनाकडून येतात, आणि पदं किती ते ठरतं संच मान्यतेत. म्हणजे काय, तर ठरलेल्या तारखेला, बरीच वर्षं ती ३० सप्टेंबर होती, शाळेच्या पटावर किती मुलं आहेत ते मोजायचं आणि त्यावरून शिक्षकांची पदं मंजूर करायची.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, असा हिशेब आहे. आता समजा, एका शाळेत बासष्ट मुलं आहेत. वीटभट्टीवरचं एक कुटुंब दोन मुलं घेऊन दुसऱ्या गावाला गेलं. पट साठ झाला. तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरला, त्याचं समायोजन दुसरीकडे. उरलेली साठ मुलं आणि पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटनांनी जोरदार हरकत घेतली, ते आपण वाचलंच असेल. शिवाय मुलगा नुसता वर्गात बसून भागत नाही, त्याचं आधारही जुळावं लागतं. नावातली एक वेलांटी इकडची तिकडे झाली की नोंद अवैध. स्थलांतरित घरांतल्या मुलांचं हे जास्त होतं, आणि नेमक्या त्यांनाच शिक्षकाची गरज जास्त असते.

बरं, पट घटतो कशाने? शाळा वाईट म्हणून, असं आपण पटकन म्हणून टाकतो. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण गावात जन्मच कमी होताहेत, तरुण जोडपी शहराकडे जाताहेत, आणि पिवळी बस आता वाडीवस्तीपर्यंत येते. ‘असर’ची देशपातळीवरची आकडेवारी बघा. ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८. चार वर्षांत सरकारी शाळा अचानक सुधारल्या आणि पुढच्या दोन वर्षांत बिघडल्या, असं कसं होईल? करोनात लोकांच्या हातात फीचे पैसे नव्हते, कित्येक छोट्या खासगी शाळा बंद पडल्या. पट चढला तेव्हा ज्यांनी पाठ थोपटून घेतली, त्यांना तो उतरल्यावर दोष घ्यायला आम्ही तरी फारसं पाहिलं नाही!

घटत्या पटाचं टोक म्हणजे वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा. २०२३ मध्ये समूह शाळांची चर्चा झाली तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक असल्याचा आकडा पुढे आला. भागाकार करून बघा. शाळेमागे बारा-तेरा मुलं, शिक्षकामागे सहा. कागदावर ही चैनच वाटते. पण त्या दोन शिक्षकांपुढे चार-पाच इयत्ता असतात. एक जण पोषण आहाराच्या नोंदीत किंवा तालुक्याच्या बैठकीत अडकला की दुसऱ्यापुढे अख्खी शाळा. पानशेत आणि तोरणमाळचा दाखला देऊन सांगितलं गेलं की लहान शाळा एकत्र करा, बसची सोय करा, मुलांना खेळायला सवंगडी मिळतील. या म्हणण्यात तथ्य आहे, चार मुलांच्या वर्गात लंगडीचा डावसुद्धा होत नाही. पण कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं म्हटलंय ते उगाच नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांच्या मुलीला कोण पाठवील? बस आली नाही त्या दिवशी ती घरीच राहणार. असे दिवस साठत गेले की शाळा सुटते.

आणि लहान पट म्हणजे मेलेली शाळा, असंही नाही. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत एकेकाळी तीनच मुलं उरली होती. पुढे ती शंभरावर गेली आणि २०२५ मध्ये या शाळेला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्या तीन मुलांच्या वर्षी नुसता आकडा बघून निर्णय घेतला असता तर? अर्थात, एका शाळेचा पट असा वाढतो तेव्हा ती मुलं कुठल्या शाळांमधून आली, हेही जिल्ह्याच्या अहवालात दिसायला हवं.

आता आकड्याचा सगळ्यात मोठा घोळ. बीड घ्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, त्या थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. पट मोजला जातो ३० सप्टेंबरला, म्हणजे गाव भरलेलं असताना. डिसेंबरात त्याच शाळेत निम्मे बाक रिकामे. पटावर मूल आहे, शिक्षकाचं पद टिकलंय, अहवालात सगळं ठीक, आणि मूल उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळतंय. यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. आई-बाप तोडीला गेले तरी मूल गावात आजी-आजोबांकडे राहतं आणि जेवणाची सोय होते. पण ही सोय टोळी निघायच्या आधी हवी. एकदा बैलगाडीत संसार चढला की मूलही चढतं.

मग वाचनाचं काय? देशातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ झाली. सुधारणा खरी आहे, २०१८ च्या २०.९ च्याही पुढे आहे. पण चारांतली तीन मुलं अजून अडखळतात. आणि एका शाळेचे टक्के मात्र जपून वाचा. तिसरीत तीनच मुलं असतील तर एक जण तापाने घरी राहिला की निकाल तेहेतीस टक्क्यांनी हलतो.

म्हणून आम्ही आमच्या परीने एक करतो, तुम्हीही करून बघा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, किंवा जिल्हा परिषदेच्या अहवालावर बोलायची संधी मिळाली तर, सप्टेंबरच्या पटाशेजारी फेब्रुवारीची हजेरी मागायची. ती हजेरीपत्रकात असतेच, वेगळं सर्वेक्षण लागत नाही. दोन्ही आकड्यांत जितका फरक, तितकी मुलं आत्ता कुठे आहेत, एवढंच विचारायचं.