गाडी आपल्या मापाची

रमजान ईद झाली आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने नवी मोटारसायकल घ्यायचे नक्की केले. डिप्लोमा करून तो कुपवाडच्या एमआयडीसीत लागलेला. दोन वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने रक्कम जमवली होती. शोरूमला जाताना आईला आणि मला सोबत घेतले. मुलगा स्वतःच्या कष्टाच्या, हलाल कमाईतून गाडी घेतो आहे, याचा आनंद आम्हा दोघी बहिणींना होताच.

विक्रेत्याने गाडीसोबत जोडायच्या वस्तूंची एक लांबलचक यादी समोर ठेवली. वेगळा आरसा, वेगळी सीट, इंजिनाखालची पत्र्याची ढाल, टाकीवरचे पट्टे, बारएंड, आणखी काय काय. भाचा एकेका वस्तूपुढे खूण करत गेला. शेवटी म्हणाला, "आणि तो साडी गार्ड काढून टाका. गाडीचा लूक जातो त्याने."

माझी बहीण बुरखा घालून शेजारीच उभी होती. मी विचारले, "बेटा, मग अम्मी कुठं बसणार?"

तो गप्प झाला. मला मात्र आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई आठवली. मुलाच्या गाडीवर मागे बसून त्या दवाखान्यात निघाल्या होत्या. गार्ड काढलेला होता. ओढणीचे टोक चाकात गेले आणि त्या मागच्या मागे रस्त्यावर पडल्या. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण तीन महिने अंथरुणात गेले. मुलगी त्या वर्षी निम्मे दिवस शाळेत आली नाही. घरचे सगळे तिच्यावर पडले होते.

म्हणूनच हा विषय लिहावासा वाटला. नवी गाडी घेताना आज निवडीला पुष्कळ वाव आहे. त्यातले काय घ्यावे, काय सोडावे आणि कशाला हात लावू नये, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवे.

तीन वेगळ्या गोष्टी

पूर्वी बुलेट, राजदूत किंवा जावा घ्यायची म्हटले की रंग निवडायचा आणि नंबर लावून वाट पाहायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असे. आता तसे राहिलेले नाही. पण शोरूममध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच यादीत येतात आणि आपला गोंधळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे कारखान्यातूनच तशी बनून येणारी गाडी. टीव्हीएस कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० या गाडीसाठी 'बिल्ट टू ऑर्डर' योजना आणली. गिऱ्हाईक मोबाइलवर निवड करतो. कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन हवे का, हँडल आणि पाय ठेवण्याची जागा शर्यतीच्या बैठकीची हवी का, चाकांचा रंग कोणता, पुढच्या काचेवर आपला आकडा हवा का, हे सारे आधी ठरते आणि त्याप्रमाणे गाडी तयार होते. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये 'मेक इट युवर्स' सुरू केले. त्यात रंग, सीट, आरसे वगैरे पडद्यावर जोडून पाहता येतात. साध्या गाड्यांत हीच निवड व्हेरियंटच्या रूपात असते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बाजाजने फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली, तेव्हाच ती ड्रम ब्रेक, ड्रम ब्रेकसह एलईडी दिवा आणि डिस्क ब्रेकसह एलईडी दिवा अशा तीन प्रकारांत मिळत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीच्याच, पण शोरूममध्ये बसवल्या जाणाऱ्या वस्तू. तिसरी म्हणजे बाहेरच्या दुकानात केलेले फेरफार. मुलांच्या डोक्यात या तिन्हींची सरमिसळ असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या एक नाहीत.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. गाडीचा रंगसुद्धा आरसीवर नोंदलेला असतो. तेव्हा आवडता रंग घेतानाच निवडावा. नंतर बदलायचा तर आरटीओकडे जावे लागते.

कर्कश सायलेन्सरचेही तेच. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. आपली मिरज तर दवाखान्यांचे गाव. गावोगावचे रुग्ण इथे येऊन पडलेले असतात. त्यांच्या खिडकीखालून फटफट करत जाणे याला शौक म्हणायचे की दुसऱ्याला दिलेला त्रास? शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे.

आणि ज्या गार्डवरून आमची चर्चा सुरू झाली, तो काही शोभेची वस्तू नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. साडी, ओढणी, बुरखा, सगळ्यांची काळजी या एका नियमात आहे.

पैसा कुठे घालावा

मग खर्च करायचाच असेल तर कुठे? माझ्या मते पहिला पैसा ब्रेकवर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असते, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. लहान गाडीत डिस्क ब्रेकचा प्रकार मिळत असेल तर टाकीवरच्या पट्ट्यांचे पैसे तिकडे वळवावेत.

दुसरा पैसा मागच्या माणसावर. आई, बहीण, बायको जिला मागे बसायचे आहे तिला शोरूममध्ये न्यावे आणि उभ्या गाडीवर बसवून पाहावे. पाय टेकतो का, दांडी हाताला येते का, सीट अरुंद आहे का, हे तिलाच कळेल. कंपनीची रुंद सीट मिळत असेल तर ती जरूर घ्यावी.

तिसरा हेल्मेटवर. नवी दुचाकी घेताना आयएसआय दर्जाचे हेल्मेट देण्याची तरतूद नियमांतच आहे, तेव्हा ते मागून घ्यावे आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे विकत घ्यावे. चार वर्षांखालच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

कंपनीच्या बाहेरच्या महागड्या वस्तू जोडल्या असतील तर विम्यात त्यांची वेगळी नोंद करावी. नाहीतर अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही.

कर्जाचा सापळा

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी. भाच्याकडे गाडीपुरते रोख पैसे होते. त्या यादीमुळे हिशेब अठरा हजारांनी वर गेला. विक्रेता सहज म्हणाला, "काळजी नको, तेवढं फायनान्स करू." म्हणजे ज्या मुलाने व्याज टाळण्यासाठी दोन वर्षे वाट पाहिली, तो आरसे आणि पट्ट्यांसाठी व्याजात अडकणार होता! इस्राफ म्हणजे केवळ लग्नातली जेवणावळ नव्हे. गरज नसताना, लोकांना दाखवण्यासाठी केलेला खर्च मोटारसायकलवरही इस्राफच. ऑन-रोड किमतीची यादी घरी आणावी, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग एकेक ओळ वाचून ठरवावे.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी वाटू नये. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतार-तंबोरे बनवायला सुरुवात केली आणि आज त्या गल्लीची वाद्ये देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर आधी विचारतो की गाणारा पुरुष आहे की बाई. पुरुषाच्या खर्जाच्या आवाजाला मोठा तंबोरा, बाईच्या आवाजाला लहान. नक्षी त्यानंतर. वस्तू वापरणाऱ्याच्या मापाची असावी, हे त्या गल्लीत कधीपासून ठाऊक आहे.

भाच्याने दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा लिहिली. डिस्क ब्रेकचा प्रकार, रुंद सीट, जादा हेल्मेट आणि त्याच्या आवडीचा निळा रंग. बाकी सगळे खोडले. पूर्ण रक्कम रोख भरली. गाडी आली तेव्हा बिस्मिल्लाह म्हणून त्याने पहिल्यांदा अम्मीला मागे बसवले आणि मीरासाहेब दर्ग्यापर्यंत नेऊन आणले. उतरल्यावर बहीण एवढेच म्हणाली, "धरायला दांडी चांगली आहे, भीती वाटली नाही."

साडी गार्ड अर्थातच जागेवर होता.