दोन गाड्यांमधले महाविद्यालय

सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत एस.टी.ची मुक्कामी गाडी ही केवळ वाहतुकीची सोय नसते. रात्री उशिरा गावात येऊन चालक-वाहकासह विसावणारी आणि पहाटे पुन्हा तालुक्याच्या दिशेने निघणारी ही गाडी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातल्या शेकडो मुलामुलींचे शैक्षणिक भवितव्य आपल्याबरोबर नेत-आणत असते. तिच्यातून उतरलेला विद्यार्थी सकाळी घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या महाविद्यालयात पोहोचतो आणि दुपारची परतीची गाडी गाठण्यासाठी शेवटच्या तासाआधीच वर्गाबाहेर पडतो. या दोन गाड्यांच्या दरम्यान जो अवकाश सापडतो, तेच त्याचे महाविद्यालयीन जीवन. मित्रांशी गप्पा, ग्रंथालयातील पुस्तक, प्राध्यापकांना विचारायची शंका, स्नेहसंमेलनातील नाटकाची तालीम या साऱ्यांनी त्याच वेळेत बसायचे असते.

शहरातील महाविद्यालयीन जीवनावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तालुक्याच्या गावी असलेल्या लहानशा कला महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आज त्याच्याकडे पाहण्याची वेळ आली आहे. याचे कारण असे की, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान महाविद्यालय ही उच्च शिक्षणातील एक उणीव मानली आहे. तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या मोठ्या, बहुशाखीय संस्था हे या धोरणाचे उद्दिष्ट आहे. 2030 पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्याजवळ अशी किमान एक संस्था असावी, असे ते म्हणते. पुणे जिल्ह्याला या कसोटीची चिंता नाही. परंतु घाटमाथ्यावरील आहुप्याच्या किंवा नाणेघाटाजवळच्या घाटघरच्या मुलीला जिल्ह्यातील मोठ्या संस्थेचा उपयोग किती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

अंतराचा इतिहास

मुंबईत आणि पुण्यात एकोणिसाव्या शतकातच महाविद्यालये उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 मध्ये सुरू झाले. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये कार्यान्वित झाले. तरीही शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलाला पदवीसाठी पुण्याचाच रस्ता धरावा लागे. ज्यांचे नातेवाईक पुण्यात होते, ज्यांना वसतिगृहाचा खर्च झेपत होता किंवा जे वार लावून जेवण्याची तयारी ठेवत, ते शिकले. बाकीच्यांनी मुंबईच्या गिरणीची किंवा गोदीची वाट धरली. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू हे असेच गिरणी कामगार होते. 12 डिसेंबर 1930 रोजी विदेशी कापड नेणाऱ्या मोटारीपुढे त्यांनी मुंबईत प्राण दिले. मंचर येथील रयत शिक्षण संस्थेच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाला आज याच हुतात्म्याचे नाव आहे. ज्या परिस्थितीने बाबू गेनूंच्या पिढीला गाव सोडायला लावले, तीत त्यांच्या तालुक्यात पदवीचा वर्ग भरणे ही कल्पनाही कोणाला सुचली नसती.

तो वर्ग भरला, त्यामागे दोन गोष्टी होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून कष्ट करून शिकण्याचा मार्ग उच्च शिक्षणातही घालून दिला. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळाली आणि 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतील घराघरांत पोहोचली. फी माफ झाली, पण अंतर उरले. ते कमी करण्याचे काम स्थानिक शिक्षणसंस्थांनी केले. 1970 च्या सुमारास जुन्नरला श्री शिव छत्रपती महाविद्यालय उभे राहिले. कालांतराने ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथेही महाविद्यालये झाली. पुण्याला न जाता पदवीधर होता येऊ लागले. यात सर्वांत मोठा लाभ मुलींचा झाला. ज्या घरातून मुलीला पुण्यात एकटी ठेवण्यास कधीच संमती मिळाली नसती, त्या घरातून तिला 'संध्याकाळी घरी येणार असशील तर जा' एवढी परवानगी मिळू लागली.

कलाशाखेत कोण येते?

या दोन्ही तालुक्यांचे भूगोलाने दोन भाग पाडले आहेत. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो पिकतात. पुणे-नाशिक महामार्ग आणि मोठ्या बाजारपेठाही तिकडेच. पश्चिमेकडे डोंगर, भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी, ठाकर या आदिवासी समाजांच्या वाड्या. धरणे झाली ती पश्चिमेच्या खोऱ्यांत, आणि पाणी मुख्यतः गेले पूर्वेकडे. बागायतदाराचा मुलगा अभियांत्रिकीसाठी किंवा संगणकशास्त्रासाठी पुणे गाठतो. कला शाखेच्या बाकांवर प्रामुख्याने जे बसतात, त्यांना पुण्याची खोली आणि खानावळ परवडत नाही. 'दुसरे काही जमले नाही म्हणून आर्ट्स' हे वाक्य त्यांनी प्रवेशाआधीच अनेकदा ऐकलेले असते. इंग्रजीची भीती, अर्थशास्त्राचा धाक आणि 'बी.ए. होऊन पुढे काय?' हा घरचा प्रश्न घेऊन ते वर्गात शिरतात.

साहजिकच या विद्यार्थ्याचा ओढा स्पर्धा परीक्षांकडे असतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणे, तलाठी किंवा ग्रामसेवकाच्या परीक्षेची पुस्तके, अभ्यासिकेतील जागा, हेच त्याचे दुसरे महाविद्यालय. यात गैर काही नाही. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार लक्षावधी, हे गणित त्याला कोणी स्पष्टपणे सांगत नाही. त्यामुळे पदवीची तीन वर्षे ही परीक्षेच्या प्रतीक्षेची वर्षे ठरतात आणि हाती असलेला विषय मागे पडतो.

विषय दाराशी उभा

वास्तविक पाहता, मानव्यविद्यांच्या अभ्यासाला जुन्नर-आंबेगावइतका समृद्ध परिसर महाराष्ट्रात क्वचित सापडेल. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद आहे आणि अंकलेखनाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी अशा डोंगरांवर दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि त्यांतील काही लेखांत यवन दात्यांची नावे आढळतात. कुकडीकाठच्या बोरी येथे प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला असून त्याच्या वयाविषयी भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ वाद झाला. खोडदला तीस महाकाय अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. नारायणगाव हे तमाशा फडांचे माहेर आणि विठाबाई भाऊ मांग यांची कर्मभूमी.

इतिहास, भूगोल, मराठी, अर्थशास्त्र यांपैकी कोणताही विषय घेतला तरी त्याचे साहित्य येथे दाराशी उभे आहे. हिरड्याचा व्यापार कसा चालतो, त्याचा भाव कोण ठरवतो, गोळा करणाऱ्याच्या हाती काय पडते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या घरातच असते. उन्हाळ्याच्या तोंडावर तिची आई हिरडा वेचायला जाते आणि पुष्कळदा तीही जाते. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती मागणी आणि पुरवठ्याचा नियम दुसऱ्याच कोणत्या तरी वस्तूच्या उदाहरणाने लिहिते. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी आपल्याच महादेव कोळी समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि आदिवासी संशोधनात स्वतःचे स्थान निर्माण केले. स्वतःचे गाव हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वाटेवर पुढची पावले पडावीत यासाठी लहान महाविद्यालयाइतकी सोयीची जागा नाही, कारण तेथे प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने आणि गावाने ओळखतो.

ही ओळख राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात विशेष दिसते. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. सात दिवस एखाद्या गावच्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री शेकोटीभोवती गाणी. एरवी दुपारच्या गाडीसाठी धावणारी मुलगी या सात दिवसांत प्रथमच घाई न करता मैत्रिणींशी बोलते. अनेक पदवीधरांना महाविद्यालयाची आठवण म्हणून हेच शिबिर सांगावेसे वाटते, याचा अर्थ शिक्षणाधिकाऱ्यांनी समजून घेतला पाहिजे. विद्यार्थ्याला स्वस्थ वेळ मिळाला की महाविद्यालय त्याचे होते.

अडचणी कोठे आहेत?

आणि नेमका तोच वेळ त्याच्याजवळ नाही. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सवलत मिळते. मुलींना मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आखली गेली ती बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींसाठी. म्हणजे शाळेला फुकट जाणारी मुलगी पदवीच्या उंबरठ्यावर आली की प्रवासखर्चाचा बोजा सुरू होतो. 2024 मध्ये राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना पूर्ण शुल्कमाफी दिली, ती स्वागतार्हच होती. परंतु कला शाखेतील विद्यार्थिनीचा मुख्य खर्च शुल्काचा नसून रस्त्याचा आहे. 2021 च्या अखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने हे पुरते सिद्ध केले. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न वेगळा. पण गाडी थांबली की डोंगरातल्या मुलांचे महाविद्यालयही थांबते, हे त्या काळात दिसून आले. त्याआधी कोविडच्या काळात दूरस्थ वर्गासाठी मोबाईलची रेंज शोधत टेकडी चढण्याची वेळ याच मुलांवर आली होती. भरीस उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. अंधार पडल्यावर थांब्यापासून घरापर्यंतची वाट पालकांच्या काळजाचा ठोका चुकवते.

वसतिगृह हा यावरचा खरा उपाय. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि शासकीय वसतिगृहेही आहेत. मात्र भोजनाऐवजी बँक खात्यात थेट रक्कम देण्याच्या निर्णयाविरुद्ध जुलै 2018 मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. खात्यात आलेले पैसे गरिबाघरी दुसऱ्याच निकडीसाठी खर्च होतात आणि मुलगा उपाशी अभ्यास करतो, हे त्यांचे म्हणणे होते. जो विद्यार्थी जेवणासाठी महामार्ग तुडवतो, त्याला पदवीचे मोल नाही असे कोण म्हणेल?

वर्गाच्या दुसऱ्या टोकाला प्राध्यापक उभा असतो. अनुदानित पदे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक दोन-दोन महाविद्यालयांत तास घेत तीच एस.टी. पकडत असतो. विद्यार्थी दुपारी मोकळा असला तरी शिक्षक तेथे नसतो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवीन धोरणानुसार अभ्यासक्रम आला. क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यात आवश्यक मानला आहे. ही तरतूद पुण्याच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून राबवली तर जुन्नरच्या विद्यार्थ्याला केवळ प्रमाणपत्रे गोळा करावी लागतील. तीच बाजार समिती, ग्रामपंचायतीचे दप्तर, वनहक्काचे दावे, लेण्यांची नोंद आणि तमाशा कलावंतांच्या आठवणी यांना जोडली तर या महाविद्यालयांना नवा अर्थ लाभेल. जुन्नर तालुका 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिलालेख वाचता येणारे वाटाडे तयार करणे इतिहास विभागाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

उपाय लहान आहेत

लहान महाविद्यालयांच्या मर्यादा नाकारण्याचे कारण नाही. विषय मोजके, ग्रंथसंपदा अपुरी आणि काही वर्गांत विद्यार्थ्यांची संख्या तुटपुंजी, हे खरेच आहे. म्हणून ती मोठ्या संस्थेत विलीन करावीत, असा युक्तिवाद होतो. कागदावर तो बिनतोड वाटतो. परंतु विलीनीकरणाने वाढणारे अंतर मुले चालतील आणि मुली घरी बसतील. शेजारच्या महाविद्यालयांनी प्राध्यापक आणि ग्रंथ यांची देवघेव करावी. विद्यार्थ्यांना हलवण्यापेक्षा ते अधिक स्वस्त आणि अधिक न्याय्य आहे.

आगाराचे वेळापत्रक ठरवताना महाविद्यालयाच्या प्राचार्यांना विचारावे आणि परतीची एक गाडी संध्याकाळी पाचनंतर सोडावी. बारावीपर्यंतची मोफत पासाची सवलत मुलींना पदवीपर्यंत द्यावी. ग्रंथालय शेवटची गाडी सुटेपर्यंत उघडे ठेवावे. या मागण्यांना कोट्यवधींची तरतूद लागत नाही. आगार व्यवस्थापक, प्राचार्य आणि तहसीलदार यांची एक बैठक त्यासाठी पुरेशी आहे. ती जूनमध्ये, वर्ग सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी. एकदा जुलैच्या पावसात ओढे भरून वाहू लागले आणि गाडी अलीकडच्याच गावातून माघारी फिरू लागली की, या बैठकीचा त्या वर्षीच्या मुलींना उपयोग नसतो.