देवगिरीचं सोनं आणि मंजनीक

मंजनीक म्हणजे अवाढव्य तरफ. आखूड टोकाला जड वजन किंवा दोर ओढणारी माणसं, लांब टोकाला गोफण. आखूड टोक खाली येताच लांब टोक कितीतरी वेगाने वर फिरतं आणि धोंडा सुटतो. अशा माऱ्याने तट ढासळतो. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरीचा तासलेला अखंड कातळ कसा ढासळणार? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात तिथला राजा रामचंद्रदेव यादव नमला तो किल्ल्यातलं धान्य खुंटल्यावर, असं सांगतात. देवगिरीहून नेलेल्या लुटीचं पुढे काय झालं, ते जास्त विलक्षण आहे. अल्लाउद्दीनने सासऱ्याचा, सुलतान जलालुद्दीनचा, खून करवला आणि दिल्लीच्या वाटेवर मुक्कामोमुक्कामी मंजनीकातून सोन्याच्या चांदण्या गर्दीवर उधळल्या. रोज पाच मण, असं इतिहासकार बरनी लिहितो. लोक हजारोंनी त्याच्याकडे वळले.