‘व्साक दान’ : स्लोव्हेनियन भाषेतील नित्यक्रम व क्रियेचे पूर्णत्व

स्लोव्हेनियन भाषेत दिनचर्या सांगावयाची झाल्यास ‘व्साक दान’, म्हणजे ‘दररोज’, या शब्दयुग्मावाचून चालत नाही. त्याचे घटक संस्कृतज्ञास सर्वस्वी परके नाहीत. ‘दान’ (दिवस) हा संस्कृत ‘दिन’ शब्दाचा सगोत्र होय. आणि ‘व्साक’ ज्या सर्ववाचक शब्दापासून सिद्ध झाला, तो वेदातील ‘विश्व’ (सर्व) या शब्दाचा आप्त आहे.

हे शब्दयुग्म द्वितीयेत असते. परंतु ‘दान’ या पुल्लिंगी नामाची प्रथमा व द्वितीया एकरूप असल्याने ती विभक्ती दिसत नाही. स्त्रीलिंगी ‘नोच’ (रात्र) घेतल्यास ती उघड होते : प्रथमेत ‘व्साका नोच’, तर ‘दर रात्री’ या अर्थी ‘व्साको नोच’. दोन्ही शब्द जोडून लिहिले की ‘व्साकदान’ हे ‘रोजचे जीवन’ या अर्थाचे नाम होते.

खरी अडचण क्रियापदाची. स्लाव्ह भाषांत क्रियापदे बहुधा पूर्णतावाचक व अपूर्णतावाचक अशा जोड्यांनी येतात. रशियन शिकलेला विद्यार्थी ‘नित्य क्रिया म्हणजे अपूर्णतावाचक रूप’ असा नियम मनाशी धरून येतो. रशियनमध्ये ‘रोज उठतो’ यास ‘व्स्तायू’च हवे, पूर्णतावाचक ‘व्स्तानू’ म्हटल्यास ‘उठेन’ असा भविष्यार्थ होतो. स्लोव्हेनियनमध्ये मात्र ‘व्साक दान व्स्तानेम ओब शेस्तिह’ (रोज सहाला उठतो) हे पूर्णतावाचक वाक्य सहज व शुद्ध आहे. येथे भविष्यकाळ ‘बोम’ या साहाय्यकाने स्वतंत्रपणे साधतो (‘व्स्ताल बोम’ : उठेन), त्यामुळे पूर्णतावाचक वर्तमान नित्यार्थास मोकळा राहतो. अपूर्णतावाचक ‘व्स्तायाम’ही नित्यार्थी चालते, परंतु ‘आत्ता उठत आहे’ असे सांगताना तेच हवे, ‘व्स्तानेम’ चालत नाही.

स्टीव्हन डिकी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्लाव्ह भाषांचे या दृष्टीने पूर्व व पश्चिम असे गट पाडले असून स्लोव्हेनियनला चेकसह पश्चिम गटात स्थान दिले आहे. पश्चिम गटात क्रियेच्या प्रत्येक आवृत्तीची समग्रता महत्त्वाची ठरते. मराठी वाचकास हे अनाकलनीय वाटू नये. ‘तो रोज आठला दुकान बंद करून टाकतो’ या वाक्यात आवृत्ती अनेक आहेत, तरी प्रत्येक आवृत्ती पुरी झालेली आहे. पुनरावृत्ती आणि अपूर्णता या दोन भिन्न गोष्टी होत, हा विवेक ‘व्साक दान’च्या वापरातून शिकावयास मिळतो.