भिंतीवरचे चित्र आणि त्यामागची गोष्ट

जत्रेत तमाशाचा फड यायच्या आधी त्याची जाहिरात गावच्या भिंतीवर लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही तसेच होते. रेल्वेने गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीचा माणूस आधी पुढे जाई आणि खळ लावून भिंतींवर रंगीत भित्तिपत्रके डकवी.

ही चित्रे दगडावरून छापत. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वरून तेलकट शाई फिरवायची. शाई खडूच्या रेघांनाच धरते, ओल्या जागी लागत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. सिनसिनाटी शहरातला स्ट्रोब्रिज छापखाना या कामात नावाजलेला होता.

चित्रासाठी नाटकातला सर्वांत थरारक प्रसंग निवडत. १८६७ च्या 'अंडर द गॅसलाइट' नाटकात रुळाला बांधलेला माणूस आणि धडधडत येणारी आगगाडी, तर १८९० च्या 'ब्लू जीन्स'मध्ये फिरत्या करवतीपुढे पडलेला नायक. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी सुटका करते ती बाई!

पण सर्वांत गाजले ते 'अंकल टॉम्स केबिन'. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली व त्याच वर्षी रंगभूमीवर आली. मालकाने आपले लेकरू विकले हे कळताच एलायझा ही गुलाम आई त्याला उराशी धरून ओहायो नदीतल्या तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पळते. भित्तिपत्रकांत तिच्यामागे शिकारी कुत्री लागलेली दिसतात. मूळ कादंबरीत या प्रसंगात कुत्री नाहीतच! ती नाटकवाल्यांनी पुढे आणली, कारण त्यांनी गर्दी जमे.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. ही भित्तिपत्रके मात्र पुढे अनेक वर्षे लागत राहिली. ज्यांनी गुलामी स्वतः भोगली, ज्यांची लेकरे खरोखर बाजारात विकली गेली, अशी माणसे तेव्हा हयात होती. त्यांचे दुःख तिकिटावर विकले जात होते.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी अनेक भित्तिपत्रके जपून ठेवली आहेत. रंग, रेखाटन पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चावडीवर आम्हीही भित्तिपत्रके लावतो आणि दुकानदारही लावतात. चित्राने पाय थांबले तर जरूर थांबा. पण चित्रात काय वाढवले आणि काय गाळले, एवढे घरी मुलाबाळांशी बोलून पाहा.