बिनदारांचं गाव आणि शिक्षेचं कोडं

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे येताना घोडेगाव लागतं. कांद्याच्या बाजाराचं गाव. इथल्या फाट्यावरून वळलं की पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर, आणि तिथे पाहतच राहावं असं दृश्य: घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत! 2011 मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची. गावात पोलीस ठाणं आलं ते 2015 मध्ये. चोरीच्या तक्रारी अधूनमधून झाल्या, पण गावाने आपली रीत सोडली नाही.

गावाची राखण शनिदेव करतो, ही इथली श्रद्धा. मग चोराला तो काय शिक्षा करतो? कोणी म्हणतं दृष्टी जाते, कोणी म्हणतं साडेसाती लागते. शिक्षेबद्दल एकमत नाही. ती चुकणार नाही, याबद्दल मात्र कुणाच्याच मनात शंका नाही.

अन् नवल पाहा, 1764 मध्ये मिलानच्या चेझारे बेक्कारिया या तरुणाने आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं होतं: गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. अडीचशे वर्षांनी, 2013 मध्ये, अमेरिकी अभ्यासक डॅनियल नेगिन यांनी उपलब्ध संशोधन चाळून पाहिलं. निष्कर्ष तोच: पकडले जाण्याची खात्री लांबलचक कैदेपेक्षा जास्त धाक घालते.

मग लोक कठोर शिक्षा का मागतात? याच जिल्ह्यातल्या कोपर्डीत 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. आरोपींना फाशी द्या, ही त्यांतली ठळक मागणी. 29 नोव्हेंबर 2017 रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्या मोर्च्यांत संताप होता, तशीच धास्तीही होती असं मला वाटतं: गुन्हेगार सुटले तर? खात्री डळमळली की कठोरतेची मागणी वाढते.

टास्मानियातला एक अभ्यास तर थक्क करतो. 138 खटल्यांत ज्यूरी म्हणून बसलेल्या सामान्य नागरिकांना विचारलं, तुम्ही किती शिक्षा दिली असती? निम्म्याहून अधिक जणांनी न्यायाधीशांपेक्षा सौम्य शिक्षा सुचवली. प्रत्यक्ष शिक्षा आणि तिची कारणं कळल्यावर सुमारे 90 टक्के लोकांना ती योग्य वाटली. हिंसक गुन्ह्यांना एकूणच शिक्षा कमी होते, असं मात्र त्यांच्यातल्याच अनेकांचं मत होतं! बातमीतला ‘आरोपी’ वेगळा आणि दिवसेंदिवस समोर बसलेला, साक्षीपुराव्यांतून उलगडत गेलेला माणूस वेगळा.

फाशी देताना लोकभावनेला किती स्थान द्यावं, या प्रश्नाशी आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही झुंजावं लागलं. 1983 च्या मच्छीसिंग खटल्यात त्याने समाजाच्या सामूहिक सद्सद्विवेकाला मान दिला. 2009 मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात मात्र बजावलं, की फाशीला पात्र असा ‘विरळातला विरळ’ गुन्हा ठरवताना लोकमताचं माप लावणं अवघड आहे.

शिंगणापूरच्या चौकटी आपल्याला एवढंच सांगतात: माणूस निर्धास्त झोपतो तो न्याय होणारच या भरवशावर. म्हणून पुढच्या वेळी एखादी शिक्षा कमी वाटली, तर मत बनवण्याआधी निकालपत्र वाचा. आणि मागणी करायचीच, तर चोख तपासाची आणि वेळेत लागणाऱ्या निकालाची करा.