ऊसतोडणी यंत्राच्या केबिनमधील मंदावलेला वारा

ऊसतोडणी यंत्राची केबिन बंद ठेवतात ती केवळ थंडाव्यासाठी नव्हे. केबिनचा पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून ओढून आत लोटतो. त्यामुळे आतील दाब किंचित अधिक राहतो व फटींतून फुफाटा शिरत नाही. वारा मंदावला की हा दाब नाहीसा होतो, उकाड्याने चालक दार उघडे टाकतो आणि पाचटाची धूळ दिवसभर त्याच्या छातीत जाते.

अशा वेळी गॅस भरून घेण्याची घाई करू नये. गॅस कमी झाल्याने थंडावा घटतो. वारा सहसा घटत नाही.

प्रथम कान द्यावा. पंख्याचा आवाज मोठा, परंतु झरोक्यासमोर धरलेला कागदाचा कपटा जेमतेम हलतो, असे असल्यास फिल्टर तुंबला असे बहुधा समजावे. वेगाबरोबर टकटक वाढत असेल तर पात्यांत पाचटाचा तुकडा अडकलेला असतो. सतत घरघर येणे हे बेअरिंग झिजल्याचे लक्षण होय. पंखा केवळ सर्वांत वरच्या वेगावरच फिरत असल्यास वेग कमी करणारा रेझिस्टर तपासून घ्यावा.

सकाळी वारा चांगला असून दोनतीन तासांनी मंदावतो, ही तक्रार निराळी आहे. थंड नळ्यांच्या जाळीवर बर्फ धरल्याने असे होते. एसी बंद करून नुसता पंखा अर्धा तास चालवावा. वारा पूर्ववत झाल्यास निदान पक्के. येथे मात्र थर्मोस्टॅट व गॅस दोन्ही कारागिराकडून पाहून घ्यावे.

फिल्टर काढण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी व नाकातोंडाला मुखपट्टी बांधावी. हवेच्या दिशेचा बाण ध्यानात ठेवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. कमी दाबाची हवा स्वच्छ बाजूकडून, थोड्या अंतरावरून सोडावी. उजेडासमोर धरल्यावर छिद्र दिसल्यास, अथवा कडेचे रबर तुटले असल्यास, नवा बसवावा. पुष्कळ केबिनमध्ये आतल्या हवेचा दुसरा फिल्टर असतो; त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

नवा मिळेपर्यंत फिल्टरविना पंखा चालविण्याची युक्ती महागात पडते. धूळ ओल्या जाळीवर बसून तिचा चिखल होतो, व तो काढण्यास झाकणे उतरवावी लागतात.

केबिन असलेल्या ट्रॅक्टरने औषध फवारणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. कागदी फिल्टर धूळ अडवितो, औषधाची वाफ नव्हे. त्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो, आणि तो हवा मारून पुन्हा वापरता येत नाही.